कुपवाड एमआयडीसी: काम सुटल्यावर ईएसआयसीचा बेकारी दावा नामंजूर, आता दाद कुठे मागायची?

कृष्णाकाठ_सांगली विचारतात:

धाकट्या भावाचं काम १० जानेवारी २०२६ ला सुटलं. कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये ठेकेदाराकडून हेल्पर होता. चार वर्षं त्याच शेडमध्ये, हजेरी आता रोज ६०० रुपये, ईएसआय आणि पीएफ दोन्ही कापायचे. ऑर्डर नाहीत म्हणून सहा जणांना एकाच दिवशी बंद केलं, पण हिशेब देताना सगळ्यांकडून 'घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे' असं लिहून घेतलं.

ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, बेकारी भत्ता देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ऑनलाइन दावा भरला, तो नामंजूर झाला. शेरा एका ओळीचा: वर्गणीची अट पूर्ण होत नाही. दोन वर्षांत एक महिना सोडला तर खाडा नाही, मग अट कुठली मोडली? राजीनाम्यामुळे असं झालं का? अपील नेमकं कुणाकडे, आणि किती दिवसांत? एजंट दोन हजार मागतोय, म्हणून आधी इथे विचारतो.

---

पगारपत्रक यांचा प्रतिसाद:

दादा, एजंटला थांबवा. या शेऱ्याचा राजीनाम्याशी संबंध दिसत नाही. 'वर्गणीची अट' म्हणजे दिवसांचा हिशेब, आणि तो तुम्ही घरी बसून तपासू शकता.

ईएसआयचं वर्ष दोन वर्गणी-काळांत मोडतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. या योजनेसाठी बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. त्यात बेकारीच्या लगेच आधीच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी निदान एकात पुन्हा ७८ दिवस. भावाचं काम जानेवारीत सुटलं, म्हणून लगेच आधीचा पूर्ण काळ एप्रिल ते सप्टेंबर २०२५ आणि त्याच्या मागचे तीन ऑक्टोबर २०२३ पर्यंत जातात.

आता १० आकडी विमा क्रमांकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर विमित व्यक्ती म्हणून लॉगिन करा आणि वर्गणीचा तपशील उघडा. महिनावार दिवस आणि पगार दिसतो. हजेरी कार्डावर काय आहे ते बाजूला ठेवा, शाखा फक्त या पानावरचे आकडे धरते. एप्रिल ते सप्टेंबरची बेरीज करून इथे लिहा.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्या: नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय चढवलंय. मालक दरमहा जी फाईल भरतो, तिच्यात शून्य दिवस भरलेल्या माणसापुढे कारणाचा कोड टाकावा लागतो. ० म्हणजे विनाकारण, १ रजेवर, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ मर्यादेबाहेर, ८ काम स्थगित, १० कपात (म्हणजे कामगार कमी करणे), ११ काम नाही. बरेच ठेकेदार माणूस गेल्यावरही त्याच्यापुढे ० किंवा १ टाकत राहतात, कारण २ किंवा १० टाकला की शेवटच्या कामाची तारीख द्यावी लागते आणि ० किंवा १ ला ती चौकट रिकामी ठेवायची असते. अशा वेळी सरकारी दप्तरात तुमचा भाऊ अजून रजेवर आहे! बेकारच नाही, तर भत्ता कसला? आणि चुकून ३ पडला तर निवृत्त ठरून सरळ बाहेर.

---

कृष्णाकाठ_सांगली:

लगेच पाहिलं. एप्रिल आणि मे मिळून ५१ दिवस, जूनपासून काहीच नाही. पण जुलैपासून पगारातून कपात चालू होती, स्लिपा आहेत. नीट बघितल्यावर कळलं की स्लिपेवरचा विमा क्रमांक वेगळा आहे. मेअखेर ठेकेदार बदलला होता, नव्या ठेकेदाराने नवीन कार्ड दिलं होतं. त्या क्रमांकावर जुलै ते सप्टेंबर ७४ दिवस दिसतात. जून महिना खरंच काम नव्हतं. कारण दोन्हीकडे 'नोकरी सोडली' असंच आहे.

---

पगारपत्रक:

सापडलं. एकावर ५१, दुसऱ्यावर ७४, दोन्ही ७८ च्या खाली, आणि बेरीज १२५. माणूस एकच, पण संगणकाला दोघे दिसतात. नव्या क्रमांकावर दोन वर्षांची नोकरीही दिसत नाही, म्हणजे तिथून दावा भरला असता तरी पडलाच असता.

ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच राहायला हवा, तो माणसाचा असतो, मालकाचा नसतो. नवा ठेकेदार जुना क्रमांक विचारत नाही, आधार न जोडता नवा काढतो, आणि हा घोटाळा होतो. कुपवाड-मिरजेच्या ठेकेदारी कामात हा प्रकार फार.

उपाय म्हणजे दोन्ही क्रमांकांचं एकत्रीकरण. ईएसआयसीच्या सांगली शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत दोन्ही कार्डांच्या प्रती, आधार, जुलै ते जानेवारीच्या पगार स्लिपा, पीएफचं पासबुक आणि जमल्यास दोन्ही ठेकेदारांचं 'हा एकच माणूस' असं पत्र. पत्र मिळालं नाही म्हणून अडून बसू नका, पीएफचा यूएएन (माणसाचा कायमचा क्रमांक) एकच असेल तर पासबुकात दोन्ही आस्थापना एकाखाली एक दिसतात, तो पुरावा ठेकेदाराच्या पत्राहून पक्का. जुना क्रमांक ठेवा आणि नवा त्यात मिळवा, असं अर्जात स्पष्ट लिहा. कारणांच्या यादीत १३ वा कोड 'दुबार विमा क्रमांक' असाच आहे. पण वर्गणी जुन्या क्रमांकावर वळती व्हायच्या आधी ठेकेदाराला तो कोड टाकू देऊ नका.

हे करणं पैशाच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. भत्ता असा काढतात: चार वर्गणी-काळांतली एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, गुणिले दिवस, जास्तीत जास्त ९०. समजा चारही काळांची मिळून कमाई ३,४२,००० भरली. रोजची सरासरी ४६८.४९, निम्मे २३४.२५ आणि ९० दिवसांचे सुमारे २१,०८२ रुपये. हीच गोष्ट फक्त नव्या क्रमांकावरच्या ७४ दिवसांवर, म्हणजे ४४,४०० रुपयांवर केली तर? भागाकार तरीही ७३० नेच होणार. हाती २,७३७. म्हणून कुणी 'नव्या क्रमांकावर कसंतरी बसवून देतो' म्हणालं तर हात जोडा.

---

अर्जफाटे यांचा प्रतिसाद:

वरचं बरोबर आहे. अपिलाचं मी लिहितो, कारण इथे लोक शब्दातच अडकतात. एक ओळीचा शेरा आल्यावर लगेच वरच्या ऑफिसात धाव घेतली, तर वरचा माणूस संगणकावर तोच पडदा उघडतो, तेच ५१ दिवस बघतो आणि तेच उत्तर देतो. नोंद दुरुस्त झाल्याशिवाय अपील म्हणजे तीच नामंजुरी दुसऱ्यांदा घेणं.

क्रम असा ठेवा. एकत्रीकरणाचा अर्ज देताना त्यातच दुसरा परिच्छेद घाला: 'वर्गणी एकत्र झाल्यावर माझ्या दाव्याचा फेरविचार व्हावा. नामंजूर करताना कोणत्या वर्गणी-काळात किती दिवस धरले ते लेखी कळवावे.' दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी 'होऊन जाईल, या पुढच्या आठवड्यात' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. तारीख महत्त्वाची आहे, कारण दावा बेकार झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. त्याआधीचा एक उंबरठा म्हणजे बेकारीचे पहिले ३० दिवस: ते उलटल्यावरच रक्कम देय होते, आणि पुढच्या, अजून न आलेल्या दिवसांसाठी आगाऊ दावा चालत नाही. ही योजना २०१८ पासून मुदतवाढीवर चालत आली आहे, तेव्हा काम सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते ना, हे खिडकीवरच विचारून घ्या.

शाखेने ऐकलं नाही तर पुण्यात बिबवेवाडीचं उपप्रादेशिक कार्यालय. तिथे स्वतः जायची गरज नाही, शिक्क्याची प्रत जोडून टपालाने पाठवा. महामंडळ 'सुविधा समागम' नावाने तक्रार-बैठकाही घेतं, शाखेत पुढची तारीख विचारा. तिथे अधिकारी समोर असतो आणि पडदाही समोर असतो, दोन क्रमांकांसारखी भानगड तिथे लवकर सुटते.

याला समांतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्रामवर, श्रम मंत्रालय आणि त्याखाली ईएसआयसी निवडून तक्रार टाका. निवारणाची मुदत २१ दिवसांची आहे. उत्तर पटलं नाही तर तिथेच अपिलाचं बटण असतं. तक्रारीत कहाणी नको. दोन विमा क्रमांक, दोन्हींवरचे दिवस, शाखेचा आवक क्रमांक, मागणी. पाच ओळी पुरतात. लांबलचक लिहिलं की 'संबंधितांस कळवले' असं उत्तर येऊन तक्रार बंद होते.

माहिती अधिकारही वापरा. ईएसआयसी केंद्राची आहे, त्यामुळे राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, फी १० रुपये. मागायचं काय? दाव्यावरच्या टिपणीची प्रत आणि धरलेल्या दिवसांचा तक्ता. 'दावा का नाकारला' असा प्रश्न विचारू नका, कागद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतरच्या ३० दिवसांत.

वर्गणी कापली पण भरलीच नाही, असा वाद असेल तर रस्ता वेगळा. तिथे स्लिपा लावून शाखेकडे मालकाविरुद्ध लेखी तक्रार करायची. मालकाने भरलं नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळाने लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, ही सोय १९४८ च्या कायद्यात कलम ६८ ला होती. तुमच्या प्रकरणात पैसे भरलेले आहेत, फक्त दोन खात्यांत विखुरले आहेत, त्यामुळे तिकडे जाऊ नका.

---

कृष्णाकाठ_सांगली:

फार उपकार झाले. दोन गोष्टी राहिल्या. एजंट म्हणतो स्टॅम्प पेपरवर नोटरी प्रतिज्ञापत्र लागतंच. आणि त्या राजीनाम्याचं काय करायचं?

---

अर्जफाटे:

प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्येच काढली. आधार आणि बँक तपशिलाच्या स्कॅन प्रती ऑनलाइन जोडायच्या. त्या जोडल्या नसतील तर दाव्याची छापील प्रत सही करून कागदांसह शाखेत द्यायची. बँक खातं भावाच्या एकट्याच्या नावावर असू द्या. नाव आधारवर, पासबुकवर आणि ईएसआयच्या नोंदीत अक्षरशः सारखं हवं. 'संतोष शंकर' आणि 'संतोष एस' एवढ्या फरकावरही गाडी अडते. बँक विलीन झाली असेल तर जुना आयएफएससी बदला.

---

मिरज_जंक्शन यांचा प्रतिसाद:

राजीनाम्याबद्दल माझं मत पगारपत्रकांपेक्षा थोडं वेगळं आहे. अटल योजनेपुरता तो आडवा येणार नाही हे खरं. तिथे बाद होणारी कारणं म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती, आणि 'नोकरी सोडली' हा २ चा कोड त्यात मोडत नाही. पण त्या एका कागदाने याहून मोठ्या दोन गोष्टी हातच्या जातात, म्हणून तो तसाच सोडू नका.

पहिली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. तीही ईएसआयसीचीच, १ एप्रिल २००५ पासूनची, आणि लोक तिचं नावही घेत नाहीत. कारखाना बंद पडणे, कायदेशीर कपात, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व, या तीनच कारणांना ती लागते. पण भत्ता २४ महिने आहे: पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. शिवाय त्या काळात स्वतःला आणि कुटुंबाला वैद्यकीय सेवा. ९० दिवस कुठे आणि २४ महिने कुठे! मात्र तिच्यासाठी नोंद 'कपात', म्हणजे कोड १० असायला हवी. राजीनामा असेल तर दार बंद. एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, म्हणून कपात सिद्ध होण्याची आशा किती आहे हे आधी तोला. कपातीची बाजू लंगडी असेल तर अटलचे २१ हजार पदरात पाडून घ्या.

दुसरी, कपातीची भरपाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे आता औद्योगिक विवाद कायद्याऐवजी औद्योगिक संबंध संहिता बघायची. सलग एक वर्ष काम केलेल्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी. ६०० च्या हजेरीला वर्षामागे ९,००० पडतात, चार वर्षांचे ३६,००० आणि नोटिशीचा महिना वेगळा.

अडचण कुठे येणार तेही ऐका. नवा ठेकेदार म्हणेल, 'माझ्याकडे जुलैपासूनच होता, वर्षच झालं नाही.' जुना म्हणेल, 'माझा ठेका मेमध्ये संपला.' दोघांच्या मधोमध चार वर्षं गडप होतात. म्हणून तक्रारीत दोन्ही ठेकेदार आणि मूळ कंपनी, तिघांनाही पक्षकार करा आणि काम, शेड, मशीन, सुपरवायझर बदलला नव्हता हे दाखवणारं काहीही जमवा: गेट पास, हजेरी कार्ड, शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज, बोनसची पावती.

राजीनाम्याचं आजच करायचं काम एवढंच. ठेकेदार आणि कंपनी दोघांना पत्र पाठवा: 'काम नसल्याचे सांगून १० जानेवारीला सहा कामगारांना कमी केले. हिशेब अडवून एकाच मजकुराचे राजीनामे लिहून घेतले. माझा राजीनामा स्वेच्छेचा नाही.' सहा जणांचं एकाच दिवशी एकच 'घरगुती कारण' निघावं, हे कुणाही अधिकाऱ्याला खटकतं, तेव्हा बाकीच्या पाच जणांची पत्रंही त्याच आठवड्यात जाऊ द्या. रजिस्टर्ड पोस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवलंय, म्हणून काउंटरवर स्पीड पोस्ट आणि पोचपावती असं सांगा. पत्र जितकं उशिरा, तितकं ते 'नंतर सुचलेलं' वाटतं.

त्यानंतर सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे तडजोडीसाठी अर्ज. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो दाखल हवा. तडजोडीला ४५ दिवस दिलेले आहेत. जमलं नाही तर अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील तिथपासून बघा, तडजोडीपर्यंत स्वतःचं स्वतः चालतं.

आणि बाकी हिशेब? वेतन संहितेत काढून टाकलं, कपात केली वा राजीनामा दिला, तिन्हीत राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. 'आधी राजीनामा, मग हिशेब' या अटीला कसलाच आधार नाही.

---

पगारपत्रक:

मान्य. नोंद १० करून घ्या असं ठेकेदाराला लेखी मागा, नाही केली तरी मागितल्याचा कागद कामगार आयुक्तांपुढे उपयोगी पडतो.

एक भर: भावाचं ईएसआय कार्ड टाकून देऊ नका. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. दिवस एकत्र होऊन ७८ च्या वर गेले की काम सुटलं तरी ३० जूनपर्यंत दवाखाना चालू राहतो. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर एकत्रीकरणाच्या अर्जात तेही लिहा.

---

पासबुक_सांगली यांचा प्रतिसाद:

पीएफचं थोडक्यात. आधी सोडल्याची तारीख चढलीय का बघा. ठेकेदाराने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. ज्या महिन्याची शेवटची वर्गणी आहे त्याच महिन्यातली तारीख घेतं. ईएसआयला दिलेली तारीखच तिथे द्या, दोन ठिकाणी दोन तारखा ठेवू नका. तारीख एकदा पडली की बदलायला फार त्रास, म्हणून घाईत टाकू नका.

जुन्या ठेकेदाराच्या सदस्य क्रमांकावरची (हा दर मालकाकडे वेगळा असतो) रक्कम आधी नव्यात वळती करून घ्या, नाहीतर सेवेची वर्षं तुटतात. सलग पाच वर्षं भरत नसतील आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस कापला जातो.

पैसे काढण्याचे नियम बदलत आहेत. १३ ऑक्टोबर २०२५ च्या केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरलं ते असं: ७५ टक्के लगेच, २५ टक्के शिल्लक, पूर्ण रक्कम १२ महिने बेकार राहिल्यावर, आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. अर्ज भरताना पडद्यावर किती रक्कम उपलब्ध दाखवतंय ते बघून मगच पुढे जा. माझ्या मते पेन्शनच्या भागाला हात लावूच नका, योजना प्रमाणपत्र घ्या, पुढच्या नोकरीत ही चार वर्षं पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांच्या हिशेबात धरली जातात.

कुठलं कार्यालय हे सदस्य क्रमांकाच्या पहिल्या पाच अक्षरांवरून कळतं: पीयूकेओएल असेल तर कोल्हापूर, पीयूपीयूएन असेल तर पुणे. ठेकेदार पुण्याचा असला की सांगलीच्या कामगाराचंही खातं पुण्याकडे असतं, आणि लोक उगाच कोल्हापूरला हेलपाटे घालतात.

---

कृष्णाकाठ_सांगली:

एकत्रीकरण आणि फेरविचार एकाच अर्जात लिहिला, उद्या शाखेत देतो. पाचही जणांना राजीनाम्याच्या पत्राचं सांगितलंय. त्यातल्या दोघांची कार्डं बघितली, त्यांचेही क्रमांक दोन-दोन आहेत. एक शेवटचं: भावाला माधवनगरला एका गोडाऊनमध्ये काम मिळतंय. गेला तर दावा जाईल का?

---

अर्जफाटे:

जाऊ द्या त्याला. नवं काम लागेपर्यंतच्या बेकारीच्या दिवसांचा भत्ता मिळतो, त्यापुढचा नाही. रुजू झाल्याची तारीख लपवू नका, खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि नवी वर्गणी चढली की ती तारीख तशीही दिसतेच. योजना आयुष्यात मिळून ९० दिवसांचीच आहे, हेही त्याला सांगून ठेवा. आणि गोडाऊनवाल्याला पहिल्याच दिवशी जुना विमा क्रमांक आणि यूएएन कागदावर लिहून द्या, तिसरा क्रमांक निघायला नको.